रोख, कार्ड की क्यूआर : छोट्या दुकानांत होणाऱ्या या चुका टाळा

छोट्या दुकानात पैसे तीन वाटांनी येतात : गल्ल्यात पडणारी रोख, कार्डाचे मशिन आणि काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड. या तिन्ही वाटांचा खर्च वेगळा, जोखीम वेगळी आणि हिशेबाची पद्धतही वेगळी आहे. तरीही ‘कार्ड म्हणजे कमिशन, रोख म्हणजे फुकट आणि यूपीआय म्हणजे करखात्याची नजर’ अशा ढोबळ समजुतींवर अनेक दुकानदार निर्णय घेतात, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

सगळ्या कार्डांना एकाच मापाने मोजणे

कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून जे शुल्क कापले जाते, त्याला एमडीआर म्हणतात. ते सर्व कार्डांना सारखे नसते. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारे यूपीआय व्यवहार यांवर जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य आहे. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घालून दिली असून, मागील आर्थिक वर्षात २० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून मशिनवरील व्यवहारासाठी ०.४० टक्क्यापेक्षा अधिक आणि एका व्यवहारामागे २०० रुपयांपेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तिथला दर करारावर ठरतो.

तीन हजार रुपयांच्या साडीचे उदाहरण घेऊ. क्रेडिट कार्डाचा दर दोन टक्के धरला तर ६० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ७० रुपये ८० पैसे जातात. तीच साडी साध्या डेबिट कार्डावर घेतली, तर छोट्या दुकानदाराचे जास्तीत जास्त १४ रुपये १६ पैसे जातात आणि रुपे डेबिट किंवा यूपीआयवर काहीच जात नाही. साडीवर दहा टक्के, म्हणजे ३०० रुपये नफा सुटत असेल, तर क्रेडिट कार्ड त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा नेते, हे खरे आहे. परंतु त्यासाठी ‘कार्ड चालणार नाही’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराने फुकटात आलेले रुपेचे गिऱ्हाईकही परत पाठवलेले असते. त्याऐवजी बँकेच्या मासिक विवरणात प्रत्येक प्रकारच्या कार्डावर किती कापले गेले ते पाहावे, आपली नोंद छोट्या दुकानदारांच्या गटात झाली आहे का हे लेखी विचारावे, आणि मशिनचे मासिक भाडे त्यात मिळवून खर्च काढावा. महिन्याला चार-पाच कार्डेच येत असतील, तर बहुधा शुल्कापेक्षा भाडेच जड जाते.

हा खर्च ग्राहकाच्या माथी मारणे ही याच चुकीची पुढची पायरी आहे. डेबिट कार्डासाठी वेगळे पैसे मागण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे आणि असे करणाऱ्या दुकानदाराशी बँक संबंध तोडू शकते. क्रेडिट कार्डाच्या बाबतीतही करारातील अटी वाचल्याशिवाय ‘दोन टक्के वर द्या’ असे म्हणू नये.

रोख फुकट आहे असे धरून चालणे

रोखीवर कोणी टक्केवारी कापत नाही, म्हणून तिचा खर्च दिसत नाही इतकेच. सुट्ट्या पैशांची शोधाशोध, रात्री गल्ला मोजण्यात जाणारा वेळ, बँकेपर्यंतची फेरी, चालू खात्यात ठरावीक मर्यादेपुढे रोख भरल्यास लागणारे शुल्क आणि चोरीची भीती हे सारे त्यात धरावे लागते. नकली नोट आली तर बँक ती जप्त करून पोचपावती देते, पैसे देत नाही; आणि नकली आहे हे कळल्यावर ती दुसऱ्याच्या हाती खपवणे हा गुन्हा आहे.

सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवण्याची सवय तर सोडूनच द्यावी. तसेच दहा रुपयांचे नाणे नाकारू नये : त्याच्या वेगवेगळ्या १४ नमुन्यांतील सर्व नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

यूपीआय बंद केले की कर चुकतो, हा समज

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे अनेक छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, आणि बेंगळुरूतील दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. तेव्हापासून हा धसका महाराष्ट्रातल्या बाजारपेठांतही ऐकू येतो. प्रत्यक्षात नोंदणीची मर्यादा एकूण उलाढालीवर ठरते, मालासाठी वर्षाला ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपये, आणि त्या उलाढालीत गल्ल्यातली रोखही तितकीच मोजली जाते. यूपीआयमुळे कर लागत नाही. आधीपासून असलेली उलाढाल दिसू लागते. ताजी भाजी किंवा दूध असा करमुक्त मालच केवळ विकणाऱ्याला नोंदणीची गरज नाही, पण त्याच दुकानात थंड पेये व बिस्किटे आली, की मर्यादा तपासताना करमुक्त मालाची विक्रीही एकूण उलाढालीत धरावी लागते. नेमकी हीच बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

नोटीस आल्यावर खरी अडचण होते ती घर आणि दुकान एकाच खात्यावर चालवणाऱ्यांची. भिशीचे पैसे, भावाने परत केलेली उसनवारी, मुलीने पाठवलेला घरखर्च आणि विक्रीचे पैसे एकाच यादीत आले, तर त्यांतले कोणते कशाचे हे दोन-तीन वर्षांनी सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून दुकानाचा क्यूआर स्वतंत्र खात्याला जोडावा, रोजच्या रोख विक्रीची साधी वही ठेवावी आणि महिनाअखेरीस दोन्हींची बेरीज करून आपण मर्यादेच्या किती जवळ आलो ते पाहावे.

उलट बाजूला फायदाही आहे, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही. अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीनुसार आयकर भरणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा रोख विक्रीवर किमान आठ टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर सहा टक्के धरला जातो. ४० लाखांच्या विक्रीवर हा फरक ३ लाख २० हजार आणि २ लाख ४० हजार असा पडतो.

मोठ्या रोख रकमेचे तुकडे करणे

एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारासाठी किंवा एकाच प्रसंगासाठी दोन लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारता येत नाही, आणि नियम मोडल्यास रोख घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड होतो. मंडपवाले, केटरर आणि सराफ ‘आज एक लाख नव्वद हजार, उरलेले परवा’ अशी वाट काढतात. पण लग्न एकच असल्यामुळे हप्ते एकत्रच मोजले जातात. दुकानदाराने स्वतः माल घेताना एका व्यक्तीला एका दिवशी दहा हजारांपेक्षा अधिक रोख दिली, तर तो खर्च आयकराच्या हिशेबात सहसा मान्य होत नाही.

पैसे कापले गेले, पण दुकानात आले नाहीत

अशा वेळी ग्राहकाच्या फोनवरची ‘पैसे गेले’ अशी हिरवी खूण हा पुरावा मानू नये, कारण तशी खोटी पाने दाखवणारी अॅप आहेत. स्पीकर बोलला नाही म्हणून लगेच ग्राहकावर संशयही घेऊ नये, कारण नेटवर्क गेले की स्पीकरही गप्प राहतो. आपल्या अॅपमधील जमा यादी पाहावी आणि ग्राहकाच्या व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक तिच्याशी ताडावा. नोंद नसेल, तर क्रमांक आणि ग्राहकाचा फोन वहीत लिहून मगच दुसऱ्या मार्गाने पैसे घ्यावेत, म्हणजे नंतर दोन्ही रकमा जमा झाल्या तर एक परत करता येते. ग्राहकाच्या खात्यातून गेलेली, पण दुकानदाराला पुष्टी न मिळालेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. कार्ड असो वा यूपीआय, हा नियम दोन्हींना लागू आहे.

यादीतील सर्वच जमा रकमा अनोळखी वाटू लागल्या किंवा विक्री होऊनही काहीच जमा झाले नाही, तर आधी क्यूआरचा कागद तपासावा. त्यावर दुसऱ्याचा कोड चिकटवून जाण्याचे प्रकार घडतात. ग्राहकानेही पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव मोठ्याने वाचून विचारावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे. ग्राहकाने कार्ड नजरेआड जाऊ देऊ नये आणि मशिनवरची रक्कम वाचूनच कार्ड टेकवावे, कारण पाच हजार रुपयांपर्यंत पिन न विचारता रक्कम जाऊ शकते.

कार्डाचे पैसे रोखीने परत करणे

माल परत आला, की गल्ल्यातून रोख काढून देणे सोपे वाटते. पण कार्डावरची मूळ नोंद तशीच राहते, आणि ग्राहकाने बँकेकडे वाद उपस्थित केला, तर तीच रक्कम दुकानदाराकडून पुन्हा कापली जाऊ शकते. ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत करावेत. मशिनच्या पावतीवरील अक्षरे काही महिन्यांत उडतात, त्यामुळे मोठ्या रकमेच्या पावतीचे छायाचित्र काढून ठेवावे.

अनोळखी माणसाला यूपीआयच्या बदल्यात रोख देणे

‘तुमच्या क्यूआरवर वीस हजार टाकतो, रोख द्या, वर दोनशे ठेवा’ अशी विनंती करणाऱ्याने कदाचित दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे पाठवलेले असतात. ज्याची फसवणूक झाली त्याने १९३० या क्रमांकावर तक्रार केली, की त्या पैशांच्या मागावर दुकानदाराच्या खात्यावरही गोठवणी येते. तसे झाल्यास शाखेत लेखी अर्ज देऊन तक्रारीचा क्रमांक, संबंधित पोलीस ठाणे आणि वादातील नेमकी रक्कम विचारावी, तारखेनिहाय बिले जोडावीत आणि संपूर्ण खात्याऐवजी तेवढीच रक्कम रोखून ठेवण्याची मागणी करावी.