लॅम्पशेडला कापड चढवताना

ठाण्यात वर्तकनगरला राहत असताना एका टेबललॅम्पची पिवळी पडून तडकलेली शेड फेकून देण्याऐवजी तिच्या तारेच्या सांगाड्यावर मी घरातलेच कापड चढवले, आणि तिथून सुरू झालेले हे काम आता ओळखीपाळखीतून येणाऱ्या ऑर्डरींवर चालते. नव्याने शिकणाऱ्यांनी वर-खाली सारख्या घेराच्या शेडपासून सुरुवात करावी. 30 सेंमी व्यासाच्या शेडचा घेर सुमारे 94 सेंमी भरतो. त्यात जोडासाठी 2 सेंमी आणि उंचीत वर-खाली दुमडण्यासाठी दीड-दीड सेंमी धरावे. जुनी कडी मात्र क्वचितच नेमकी गोल उरलेली असते, म्हणून घेर टेप गुंडाळूनच मोजावा.

निमुळत्या शेडचे कापड कमानीच्या आकारात कापावे लागते. शेड वर्तमानपत्रावर जोडापासून जोडापर्यंत सावकाश गडगडवत नेऊन दोन्ही कडांची रेघ पेन्सिलीने ओढली की हा आकार मिळतो. अशा शेडवर उभ्या रेघांचे कापड लावल्यास रेघा जोडापाशी तिरक्या येऊन भिडतात, हे ग्राहकाला कापड घेण्यापूर्वीच दाखवून द्यावे.

कापडाची निवड हाच या कामातला सर्वांत कठीण भाग आहे, असे माझे मत आहे. जांभळी नाक्याच्या बाजारात मी कापड हातात घेतले की त्याच्यामागे मोबाइलचा टॉर्च धरते. दुकानदार आता त्याला हसत नाहीत. पांढऱ्या मांजरपाटातून प्रकाश मऊ होऊन पसरतो, तर गर्द रंगाचा दाट खण तो जवळजवळ अडवून धरतो आणि उजेड केवळ वरून व खालून पडतो. पलंगाशेजारी तो शोभतो, वाचनाच्या टेबलावर निरुपयोगी ठरतो. सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावे, कारण कोऱ्या कापडाला गोंदाचा ओलावा लागला की ते आक्रसते आणि दुमडलेल्या कडा सुटू लागतात.

पहिल्या वर्षी जुलै महिन्यात मी फेविकॉल सढळ हाताने लावला. जिथे पापड वाळत नाहीत तिथे तो तरी कसा वाळावा? दोन दिवसांनी शेड बाहेरून स्वच्छ दिसत होती, पण दिवा लावताच गोंदाचे ओघळ, पेन्सिलीची एक रेघ आणि आत अडकलेला दोऱ्याचा तुकडा असे सगळे उमटून आले. तेव्हापासून मी जुन्या प्लास्टिक कार्डाने गोंदाचा पातळ थर ओढते आणि प्रत्येक टप्प्यावर आत दिवा लावून पाहते.

एका आजींनी त्यांची जुनी इरकल आणून दिली आणि म्हणाल्या, “कापायचीच असेल तर पदर सोडून काप हो.” वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले रेशीम त्या घडीवरच फाटते, म्हणून घडीच्या खुणा टाळून घेतलेल्या तुकड्याला मागून पातळ सुती अस्तर धावदोऱ्याने जोडले आणि काठ खालच्या कडीवर आणला. आत 60 वॅटचा तारेचा बल्ब होता; त्याच्या उष्णतेने रेशीम करपले असते, तेव्हा त्याजागी 9 वॅटचा एलईडी लावण्याची अट मी घातली.

खिडकीच्या गुंडाळणाऱ्या शेडला गोंद कमी आणि काटकोन जास्त लागतो. घोडबंदर रोडवरच्या एका घरातली माझी पहिली शेड दर वेळी गुंडाळताना डावीकडे सरकत असे आणि तिची कड ब्रॅकेटला घासून विसविशीत झाली. मी नळीत दोष शोधत बसले. शेवटी सुताराचा गुण्या लावल्यावर कळले की वरची कडच रुंदीत एक सेंमी तिरकी कापली गेली होती. ती सरळ करून शेड पुन्हा बसवली, आणि घरात लहान मूल असल्यामुळे दोरी अडकवण्याचा हूक त्याचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ठोकला.