स्टार्चची फिल्म कडकन तुटते, नाहीतर सादळते? नॅनोकणांना दोष देण्याआधी या चुका टाळा

एप्रिलात पुण्यात वाळवलेली स्टार्चची फिल्म (प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा) साच्यातून सोडवतानाच तुटते. तेच मिश्रण जुलैत ओतलं तर फिल्म बोटाला चिकटते. ताकदीसाठी घातलेलं नॅनोसेल्युलोज (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण) दोन्ही वेळा तेवढंच असतं. अशा वेळी ‘कण नीट पसरले नाहीत’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण साबुदाण्याच्या पापड्या घालणाऱ्या कोणत्याही घराला उत्तर ठाऊक असतं: पावसाळ्यात त्या सादळतात. स्टार्चच्या साखळ्यांत शिरलेलं पाणी, फिल्म लवचीक करायला घालतात त्या ग्लिसरॉलसारखंच मऊपणा आणतं, आणि त्याचा परिणाम पुष्कळदा चार-पाच टक्के नॅनोकणांच्या परिणामाला झाकून टाकतो. म्हणून आधी पाण्याचा हिशोब, मग कणांचा.

वजनातच चूक

१०० ग्रॅमच्या बॅचसाठी साधं प्रमाण असं: कोरडा स्टार्च ४ ग्रॅम, ग्लिसरॉल १.२ ग्रॅम (स्टार्चच्या ३०%), नॅनोसेल्युलोज ०.२ ग्रॅम (स्टार्चच्या ५%), बाकी डिस्टिल्ड वॉटर. यातला ‘कोरडा’ हा शब्द महत्त्वाचा. पाकिटातल्या मक्याच्या स्टार्चमध्ये साधारण १२% ओलावा असतो, म्हणजे ४ ग्रॅमसाठी ४.५५ ग्रॅम घ्यावा लागतो. (दुकानातलं कॉर्नफ्लोअर म्हणजे स्टार्चच, मक्याचं पीठ वेगळं, आणि कस्टर्ड पावडर तर रंग-वासासकट येते. ती नकोच.) उघडं राहिलेलं पाकीट पावसाळ्यात आणखी ओलावा धरतं, तेव्हा दर बॅचला १०५ °से.ला वाळवून ओलावा मोजा.

ग्लिसरॉल मापाने घेणं ही सर्रास होणारी चूक. त्याची घनता १.२६ आहे. १.२ ग्रॅमऐवजी १.२ मि.लि. घेतलं की १.५ ग्रॅम पडतं आणि ३०% चं ३८% होतं. शिवाय दाट असल्यामुळे ते पिपेटच्या भिंतीला चिकटून राहतं ते वेगळंच. सरळ तराजूवर तोला. नॅनोसेल्युलोजचं २% सस्पेन्शन वापरत असाल तर ०.२ ग्रॅमसाठी ते १० ग्रॅम लागतं. त्यातलं ९.८ ग्रॅम पाणी एकूण पाण्यातून वजा करायला विसरू नका.

शिजवणं

कुरडईचा चीक शिजवताना गुठळ्या का होतात, तेच इथेही. गरम पाण्यात कोरडा स्टार्च टाकला की बाहेरचा थर लगेच फुगतो आणि आत कोरडा गाभा अडकतो. स्टार्च गार पाण्यातच कालवा, मग ढवळत ९० °से.पर्यंत न्या आणि तिथे ३० मिनिटं ठेवा. ७० °से.ला मिश्रण दाट झालं म्हणून थांबू नका. दाणे फुगलेले असतात, फुटलेले नसतात. अशी फिल्म दुधाळ दिसते, आणि त्या न फुटलेल्या दाण्यांपासूनच चीर सुरू होते.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. पाणी इथे ९८ °से.च्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या बीकरमध्ये ९५ °से. धरून बसलात तर वाफेने बरंच पाणी जातं. बीकर आधी तोलून ठेवा आणि शिजवल्यावर जेवढं वजन घटलं तेवढं गरम पाणी घाला.

नॅनोसेल्युलोज: खरी गडबड इथे

मिश्रण ९० °से.ला असताना अचानक पातळ झालं आणि वाळलेली फिल्म पिवळट-तपकिरी, ठिसूळ निघाली, तर बहुतेक आम्ल राहून गेलेलं असतं. नॅनोसेल्युलोज ६४% सल्फ्युरिक आम्लात ४५ °से.ला बनवतात. डायलिसिस (पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात आम्ल धुऊन काढणं) घाईत उरकलं तर उरलेलं आम्ल गरम मिश्रणात स्टार्चच्या साखळ्याच तोडतं. पिशवीबाहेरच्या पाण्याचा पीएच ताज्या पाण्याइतका होऊन स्थिर राहीपर्यंत पाणी बदला, आणि शेवटी अगदी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने सस्पेन्शन उदासीन करा. कणांवरचे सल्फेट गट आम्लरूपात राहिले तर तेही पुरेसा त्रास देतात.

रसवंतीवरून आणलेल्या चिपाडापासून सेल्युलोज काढत असाल तर आम्लाआधीची स्वच्छता महत्त्वाची. कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि ब्लीचिंगनंतरही लगदा पिवळा दिसत असेल तर लिग्निन (चिपाडाला कडकपणा देणारा घटक) आहेच, आणि तो फिल्मच्या रंगात उतरणार. सोडियम क्लोराइटचं ब्लीचिंग फ्यूम हूडबाहेर कधीच करू नका, त्यातून क्लोरिन डायऑक्साइड सुटतो.

तयार सस्पेन्शन वाळवून पूड करून ठेवू नका. वाळताना कण एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात आणि पुन्हा पाण्यात घातले तरी पूर्ण सुटत नाहीत. फ्रीजमध्ये ओलंच ठेवा, गोठवू नका. बोअरचं किंवा नळाचं पाणी मिसळलं तर त्यातले क्षार कणांवरचा ऋण भार झाकतात आणि कण गोळा होतात. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी कण सुटे करणं) करताना बीकर बर्फात ठेवा, प्रोब थांबून-थांबून चालवा. प्रोबचे टायटॅनियमचे सूक्ष्म तुकडेही पडतात, ते सेंट्रिफ्यूजने काढा.

आता प्रमाणाचा मुद्दा. कणांचं सलग जाळं बनायला लागणारं आकारमानी प्रमाण अंदाजे ०.७ भागिले (लांबी/जाडी) असतं. कापसापासूनच्या कणांचं हे गुणोत्तर १५ धरलं तर ४.७% लागतं. आपलं ‘५%’ स्टार्चच्या तुलनेत आहे. ग्लिसरॉल धरून एकूण घन पदार्थात ते ३.७% होतं, आणि सेल्युलोज जड असल्यामुळे आकारमानाने ३.३% च्या आसपास. म्हणजे ‘५% घालूनही ताकद फारशी वाढली नाही’ यात नवल काहीच नाही, जाळंच बनलेलं नाही. लांब कण वापरा किंवा प्रमाण वाढवा. मात्र १०% च्या पुढे गुठळ्यांचा धोका वाढतो.

नॅनोक्ले वापरत असाल तर

मॉन्टमोरिलोनाइट (नॅनोक्ले म्हणून वापरतात ती थरांची माती) आधी पाण्यात रात्रभर फुगवा, मग स्टार्चमध्ये मिसळा आणि ग्लिसरॉल सगळ्यांत शेवटी घाला. ग्लिसरॉल आधी घातलं तर तेच मातीच्या थरांत शिरून बसतं आणि स्टार्चला जागा उरत नाही. एक्स-रे विवर्तनात (थरांमधलं अंतर दाखवणाऱ्या चाचणीत) आलेखावरचा सात अंशांजवळचा शिखर पाच अंशांकडे सरकला तर स्टार्च किंवा ग्लिसरॉल थरांत शिरलंय. शिखर नाहीसा झाला म्हणून लगेच ‘थर पूर्ण सुटले’ म्हणू नका. १-२% मातीचा शिखर मुळातच दबलेला असतो.

ओतणं आणि वाळवणं

गरम मिश्रण व्हॅक्यूममध्ये बुडबुडे जाईपर्यंत ठेवा आणि ६०-७० °से.ला असतानाच ओता. ९ सेंमीच्या पेट्री डिशमध्ये १५ ग्रॅम ओतलं तर फिल्म ९० मायक्रॉनच्या आसपास बनते. काचेच्या डिशला फिल्म घट्ट बसते, पॉलिस्टायरीनची घ्या. ओव्हनचा रॅक सुताराच्या लेव्हलने तपासा, नाहीतर एक बाजू ६० आणि दुसरी १२० मायक्रॉन. वाळवायला ४० °से. आणि साधारण एक दिवस. घाई केली तर कडा वर वळतात.

चाचणी

ओव्हनमधून काढून थेट यंत्रात पट्टी लावायची नाही. २३ °से., ५०% आर्द्रता, किमान ४८ तास. मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवलेल्या डेसिकेटरमध्ये साधारण ५३% आर्द्रता मिळते, तेवढी चालते. जाडी प्रत्येक पट्टीवर पाच ठिकाणी मोजा, एएसटीएम डी ८८२ या प्रमाणित ताणचाचणीत सगळा हिशोब तिच्यावरच आहे. चाचणीनंतर तुटलेल्या तुकड्यातलं पाणी मोजताना १०५ °से.ला फार वेळ ठेवू नका, ग्लिसरॉलही थोडं उडतं आणि पाणी जास्त दिसतं.

बाष्प पारगम्यतेच्या (फिल्ममधून वाफ किती जाते त्या) चाचणीत, फिल्मने झाकलेल्या कपात पाणी भरून वर मोठी पोकळी ठेवली तर त्या हवेचा अडथळाही फिल्मच्या नावावर जमा होतो. पोकळीची दुरुस्ती करा, आणि पावसाळ्यात कप खोलीत उघडा न ठेवता ठरावीक आर्द्रतेच्या पेटीत ठेवा.

स्टार्च पुन्हा स्फटिकरूप घेत राहतो, म्हणून पहिल्या आणि तिसाव्या दिवसाची फिल्म एकसारखी नसते. वहीत ताकदीच्या आकड्याशेजारी ओलावा, जाडी आणि फिल्मचं वय असे तीन रकाने आखा, आणि त्याच दिवशी त्याच ओव्हनमध्ये वाळवलेली कणांविना फिल्म बरोबरच ताणून बघा.