रिमोट पोस्टग्रेस जोडलं जात नाही? आधी एरर नीट वाचा

दूरच्या सर्व्हरवरचं पोस्टग्रेस (डेटाबेस) कनेक्ट झालं नाही की हात आधी पासवर्डकडे जातो. थांबा, एरर शब्दन्‌शब्द वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' झटकन आलं, तर मशीनपर्यंत तुम्ही बहुतेक पोचलात, पण ५४३२ पोर्टवर (पोस्टग्रेसचं नेहमीचं दार) ऐकायला कोणी नाही. बराच वेळ ताटकळून 'टाइम्ड आउट' आलं, तर पॅकेट वाटेतच गडप होतंय. येणारी कनेक्शनं अडवणारी फायरवॉल किंवा क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप तपासा. पासवर्डचा प्रश्न अजून आलेलाच नाही.

रिफ्यूज्डचं नेहमीचं कारण म्हणजे नव्याने बसवलेलं पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर (१२७.०.०.१, म्हणजे त्याच मशीनपुरता पत्ता) ऐकतं. सर्व्हरवर उघडे पोर्ट पाहा. ५४३२ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं की चोर सापडला. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये 'लिसन अ‍ॅड्रेसेस'ला सर्व्हरचा स्वतःचा आयपी द्या (क्लायंटचा नव्हे, इथे फार जण फसतात) आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. नुसतं रीलोड चालत नाही.

आता 'नो पीजी एचबीए एंट्री' आलं तर हायसं वाटू द्या, सर्व्हर बोलू लागलाय. कोणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या एचबीए फाइलमध्ये तुमच्या आयपीची ओळ घाला. इथे मात्र रीलोड पुरतं. ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळलेली लागू होते. वर एखादी 'रिजेक्ट' जुळली, तर तुमच्या ओळीपर्यंत पाळी येतच नाही.

घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो म्हणून पोर्ट सगळ्या जगाला उघडा टाकू नका, ही कळकळीची विनंती. एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंतची एन्क्रिप्टेड वाट) वापरा. मग कनेक्शन सर्व्हरच्या लोकलहोस्टवरूनच येतं.