प्रोजेक्टला सेल सरफेस हायड्रोफोबिसिटी घेतलीय? मग हे वाचा

नांदेड, लातूर, परभणीकडची बरीच पोरं एमेस्सी मायक्रोच्या प्रोजेक्टला गॅरेजच्या तेलकट मातीतून बॅक्टेरिया काढायलेत, आणि मग गाईड म्हणतात हायड्रोफोबिसिटी पण बघून टाक, म्हणजे त्या जंतूच्या अंगाला पाणी किती नकोसं वाटतं ते. टेस्ट जुनीच हाय, १९८० ला रोझेनबर्ग वगैरेंनी दिलेली, 'बाथ' किंवा 'मॅथ' म्हणतात (जंतू तेलाला किती चिकटतात ते मोजायची टेस्ट), सेंट्रिफ्यूज, व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं मशीन) आणि कलरीमीटर असला की आपल्या कॉलेजात पण होते.

ब्रॉथमधले सेल्स खाली बसवून बफरनं दोनदा धुवायचे, बफरमध्येच सस्पेंड करून ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे कलरीमीटरवर दिसणारा गढूळपणा) घ्यायची, काचेच्या ट्यूबमध्ये थोडं हेक्साडेकेन (पाण्यात न मिसळणारं तेल) टाकून दोन मिनिटं व्हॉर्टेक्स, पंधरा मिनिटं उभी ठेवायची आणि खालच्या पाण्याची ओडी परत घ्यायची. जेवढी घटली तेवढे सेल्स तेलाकडं गेले, पहिल्या ओडीच्या टक्क्यात लिहायचं. बस.

पण खरी मेख ते खालचं पाणी काढण्यात हाय. वर सायीसारखा पांढरा थर बसतो, त्यातलं जरासं जरी पिपेटला लागून आलं की ओडी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, उत्तर मायनसमध्ये येतं आणि पोरं फॉर्म्युल्याला शिव्या देत बसतात. थरातून खाली जाताना बल्ब हळूहळू दाबत हवा सोडत जा, तळाशी गेल्यावरच पाणी ओढा, वर काढलं की पिपेट बाहेरून पुसा.

थंडीतलं एक ध्यानात ठेवा, हेक्साडेकेन १८ डिग्रीच्या आसपास गोठतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटली घट्ट झालेली दिसली तर केमिकल खराब झालं म्हणून फेकू नका (किंमत बघा त्याची!), कोमट पाण्यात धरा. उन्हाळ्यात ही कटकट नाही, तेव्हा लाईटची असते.

काहीजण हेक्साडेकेन परवडत नाही म्हणून झायलीन घेतात, ऑब्जेक्टिव्ह पुसायला लॅबमध्ये असतंच. चालतं, पण त्यानं काही सेल्स फुटतात, ओडी त्यामुळं पण घटते आणि तुम्ही समजता चिकटले. पॉलिस्टायरीनची ट्यूब नाहीतर क्युव्हेट असेल तर तीच विरघळायला लागते. म्हणून वरच्या थराचा थेंब स्लाईडवर घ्याच, चिकटले असतील तर तेलाच्या गोळ्याच्या कडेकडेनं सेल्स बसलेले दिसतात, फोटो काढून ठेवा, व्हायवाला टक्केवारीपेक्षा तोच कामाला येतो. बिनतेलाची एक ट्यूब पण फिरवा, कारण नुसत्या हलवण्यानं गुठळ्या होणारे स्ट्रेन असतात.

आणि दुसऱ्याच्या पेपरातल्या आकड्याशी आपला आकडा जुळवत बसू नका. तेलाच्या थेंबावर निगेटिव्ह चार्ज, सेलवर पण बहुतेक निगेटिव्हच, त्यामुळं पीएच नाहीतर बफरमधलं मीठ बदललं की टक्के बदलतात, कल्चर किती तासांचं त्यावर पण बदलतात. एकाच दिवशी, एकाच बफरमध्ये आपलेच स्ट्रेन एकमेकांशी लावून बघा. शंका आली तर अमोनियम सल्फेटची टेस्ट जोडीला घ्या, जो स्ट्रेन कमी मिठात गुठळ्या धरतो तो जास्त हायड्रोफोबिक, आणि त्याला खर्च जवळपास काहीच नाही.