भाजीच्या कचऱ्याची गॅस टाकी सुरू करण्याआधी

भाजीचा कचरा कुजवून स्वयंपाकाचा गॅस देणाऱ्या टाकीच्या चौकशीला लागण्याआधी पंधरा दिवस बिल्डिंगमधला भाजीचा कचरा रोज काट्यावर ठेवा. चेंबूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचा अंदाज पंधरा किलोचा होता, भरला सात. हजार लिटरच्या टाकीला रोजचा चार-पाच किलो कचरा आणि तेवढंच पाणी पुरतं. भरलेली टाकी टनभर वजनाची होते, म्हणून गच्चीचा विचार सोडा. तळमजल्यावर ऊन लागेल असा कोपरा बघा. आतल्या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब मानवते.

मग शेण, गॅस करणारे जिवाणू त्यातूनच येतात. तबेल्यातून ताजंच आणा, तेवढंच पाणी घालून कालवा, काड्या आणि खडे हातानं वेचून काढा. पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून उघडं ठेवा, जिवाणूंना मारणारं क्लोरीन उडून जातं.

यानंतरची तयारी मनाची. हा शेणकाला टाकीत भरला की दोन-तीन आठवडे त्यात काहीही टाकायचं नाही. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्या. काडी लावायची ती शेगडीपाशीच, टाकीजवळ कधीही नाही. निळी ज्योत टिकू लागली की रोज अर्धा किलो कचऱ्यापासून सुरुवात करा आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवा. आम्हाला इथेच धीर धरवला नाही. ऋषिपंचमीच्या भाजीचा कचरा, अळूचे देठ, सुरणाची सालं, सगळं एकाच सकाळी ओतलं. तिसऱ्या दिवशी झाकणाजवळ आंबट वास आणि शेगडीवर फुसफुस. आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्यानं वाढतात, त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे पेटणारा गॅस, करणारे सावकाश. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण पद्धतीत कचरा आधी वेगळ्या टाकीत कुजवून घेतात. आपल्या एका टाकीत ते जमत नाही, म्हणून आंबटपणा मोजणाऱ्या पीएचच्या पट्ट्या घरात हव्यातच. रंग 7 च्या आसपास असला तर ठीक. 6.5 च्या खाली गेला तर कचरा बंद, थोडी चुन्याची निवळी आणि बादलीभर शेणकाला. आमची टाकी दहा दिवसांनी सावरली, तोवर रोज सकाळी जीव खाली-वर होत होता.

चिरायला जुनी विळी ठेवा, नखाएवढे तुकडे हवेत. लिंबू-संत्र्याची सालं, कांद्याची टरफलं, मक्याची बुरकुंडं, करवंट्या यांच्यासाठी वेगळी बादली, ती टाकीत नकोत. सिलिंडरच्या शेगडीचं जेट बारीक असतं, मेकॅनिककडून छिद्र मोठं करून घ्या. पाइपला उतार द्या, सखल जागी पाणी काढायचा नळ बसवा, नाहीतर पावसाळ्यात ज्योत नाचत राहते. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर वाटेत लोखंडी किसाची नळी जोडा.

आणि माळ्याशी आधीच बोलून ठेवा. जेवढं आत जातं तेवढीच काळपट रबडी रोज बाहेर येते. पाणी घालून ती कुंड्यांना कोण घालणार, हे पहिली बादली भरण्याआधी ठरलेलं बरं.