यादीत ‘मोडी शिकणे’ असे लिहू नये : वैयक्तिक ध्येयासाठी कामांची यादी कशी करावी

घरातील जुन्या पेटीत खरेदीखते, गहाणखते किंवा वतनाचे कागद सापडतात, पण ते मोडी या जुन्या मराठी लिपीत असल्यामुळे कोणालाच वाचता येत नाहीत, ही महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांची स्थिती आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची वानवा सर्वांच्याच लक्षात आली आणि पुष्कळांनी ‘आता आपणच शिकावे’ असे मनाशी ठरवले. असा निश्चय मग वहीतल्या किंवा मोबाइलवरच्या यादीत जाऊन बसतो : वीजबिल भरणे, गॅस नोंदवणे, विम्याचा हप्ता, मोडी शिकणे. पहिली तीन कामे आठवडाभरात खोडली जातात आणि चौथे महिनोन्‌महिने जागचे हलत नाही. त्यात आळसाचा भाग असेलही, परंतु मुख्य दोष यादीच्या रचनेत असतो. वीजबिल भरणे ही एका बैठकीत संपणारी कृती आहे, तर मोडी शिकणे हे कित्येक महिन्यांच्या बैठकींचे काम आहे. दोन्ही एकाच यादीत एकेका ओळीने लिहिली की ती सारख्याच वजनाची भासतात, आणि ज्या ओळीतून सुरुवात कोठून करायची हे कळत नाही ती ओळ आपण रोज वाचतो व रोज ओलांडून पुढे जातो.

ध्येय रोजच्या यादीत लिहायचेच नाही, हा या पद्धतीचा पहिला नियम. ध्येयासाठी स्वतंत्र पान ठेवावे आणि रोजच्या यादीत त्या पानावरून निघालेली फक्त पुढची एक कृती उतरवावी. हीच पद्धत परीक्षा, बचत किंवा व्यायाम यांनाही लावता येते. मात्र अनेक उदाहरणे वरवर घेण्यापेक्षा एकच शेवटपर्यंत नेणे अधिक उपयोगाचे असल्यामुळे येथे मोडीचेच उदाहरण घेतले आहे.

ध्येयाचे पान

ध्येय असे लिहावे की ते पूर्ण झाले किंवा नाही यावर दोन माणसांत वाद होऊ नये. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा आहे की, ‘जमेल तितके करावे’ अशा मोघम सूचनेपेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट समोर असताना माणसाचे काम अधिक चांगले होते. ‘मोडी येणे’ याला शेवट नाही, कारण जन्मभर मोडी वाचणाऱ्या अभ्यासकांनाही एखाद्या शब्दापाशी अडावे लागते. त्याऐवजी ‘घरातील १८९० च्या सुमाराच्या खरेदीखताचे संपूर्ण देवनागरी लिप्यंतर दिवाळीपर्यंत लिहून पूर्ण करणे’ असे लिहिले की शेवटी हातात कोणती वस्तू असणार आहे हे स्पष्ट होते.

कागदाची निवड हाच येथे व्यूहरचनेचा मोठा भाग आहे. पेशवेकालीन पत्र निवडले तर लिपीच्या जोडीला कालगणनाही शिकावी लागते, कारण त्यात वर्ष शुहूर सन या जुन्या कालगणनेचे आणि तेही अरबी संख्याशब्दांत असते. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१ येते, आणि मृगाच्या सुमारास सुरू होणारे ते वर्ष १७७१–७२ असे धरावे लागते. हे सारे रंजक आहे, पण पहिल्या ध्येयात ते नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे खत टाकाने, म्हणजे निबाच्या लेखणीने, घाईघाईत लिहिलेले असल्यामुळे त्याचे अक्षर कधीकधी बोरूच्या डौलदार वळणापेक्षाही किरटे असते. तरी तारीख बहुधा इसवी सनात असते, भाषा आपल्याला जवळची असते आणि मजकुराचा साचा ठरलेला असतो. ध्येय निवडताना एका वेळी एकच अवघड गोष्ट अंगावर घ्यावी, असे माझे मत आहे.

यानंतर शेवटाकडून मागे यावे. पूर्ण खत वाचायचे तर आधी त्यातील नेहमीचे शब्द ओळखता आले पाहिजेत. त्याआधी सुवाच्य नमुने वाचता आले पाहिजेत. त्याआधी बाराखडी हातात बसली पाहिजे. हे चार टप्पे झाले आणि पहिल्या पानावर तेवढेच असावेत. सुरुवातीलाच चाळीस ओळींची योजना आखण्याचा मोह टाळावा, कारण तिसऱ्या टप्प्यात नेमके काय करावे लागेल हे दुसरा टप्पा ओलांडल्याशिवाय समजत नाही.

रोजच्या यादीत काय लिहावे

रोजच्या ओळीत क्रियापद असावे, काम किती करायचे ते असावे, आणि ते साधारण अर्ध्या तासात संपणारे असावे. ‘अक्षरे पाठ करणे’ ही ओळ वाईट आहे, आणि ती मोघम आहे एवढेच त्याचे कारण नाही. मोडीत काना, उकार लागला की पुष्कळ व्यंजनांचे रूप बदलते, त्यामुळे सुटी अक्षरे पाठ असलेला माणूस पहिल्याच ओळीत अडतो. ‘क ते घ यांची बाराखडी दोनदा लिहिणे’ ही चांगली ओळ आहे. ‘कागदाची तयारी’ असे लिहिण्याऐवजी ‘खताच्या पहिल्या पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढून मोठी प्रत छापून आणणे’ असे लिहावे. ‘वाचनाचा सराव’ याच्या जागी ‘नमुन्यातील पहिल्या चार ओळींच्या खाली प्रत्येक अक्षर देवनागरीत लिहिणे’ असे लिहावे. शब्द तोडणे हे दुसऱ्या दिवसाचे वेगळे काम, कारण मोडीत ओळभर शिरोरेषा आधी ओढून तिला अक्षरे लटकवलेली असतात आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो, म्हणून ‘दिन’ की ‘दीन’ याचा निर्णय अर्थावरूनच करावा लागतो, आणि तो घाईत करू नये.

काम आणि कामाची तयारी यांत गल्लत होऊ नये म्हणूनही अशा ओळींचा उपयोग होतो. २०१४ मध्ये मोडीचा युनिकोडमध्ये समावेश झाल्यापासून संगणकावर मोडीचे फॉन्ट मिळू लागले आहेत. ते उतरवून घेण्यात, सुंदर वह्या व बोरू जमवण्यात आणि पाच निरनिराळी पुस्तके मागवण्यात एक महिना सहज निघून जातो, आणि त्या महिन्यात आपण पुष्कळ केले असे समाधानही मिळते. फॉन्टमधील एकसारखे अक्षर आणि कारकुनाने धावत्या हाताने लिहिलेले अक्षर यांत फार अंतर असते. तयारीची कामे यादीत जरूर असावीत, पण सलग दोन दिवस यादीत केवळ तयारीच दिसली तर तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष लिपीचे काम पहिल्या क्रमांकावर टाकावे.

यादी आदल्या रात्री करावी. अर्धवट कामे मनात घोळत राहतात हे आपल्या अनुभवाचे आहे. मॅसिकँपो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, काम पूर्ण झालेले नसले तरी ते कसे करायचे याची नेमकी योजना केली की त्याची टोचणी बरीच कमी होते. यादी वहीत करावी की ॲपमध्ये, यावर लोक फार वेळ घालवतात. जी रोज डोळ्यांसमोर येईल ती चांगली.

वेळेची सांगड

ओळ चांगली लिहिली तरी ती कधी करायची हे ठरले नसेल, तर दिवसातील घाईची कामे तिला शेवटी ढकलतात. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ च्या सुमारास एक साधी युक्ती सविस्तर मांडली : ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा रूपात निश्चय करावा. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या युक्तीचा ध्येयपूर्तीवर चांगलाच परिणाम होतो असे आढळले. तिचे मर्म हे की, निर्णय आधीच घेतलेला असतो. त्या क्षणी फक्त खूण ओळखायची असते.

खूण मात्र रोज हमखास घडणारी हवी. ‘सवड मिळाली की’ ही खूण नव्हे. ‘रात्री ओटा आवरून झाला की जेवणाच्या टेबलावर मोडीची वही उघडीन’ ही खूण होय. लोकलने प्रवास करणाऱ्यांनी ‘बसायला जागा मिळाली की’ असे ठरवू नये, ते कोणाच्याच हातात नसते. ‘गाडीत चढलो की मोबाइलवरील फोटोतील एक ओळ वाचीन’ असे ठरवावे. अडचणीसाठीही असेच वाक्य आधी लिहून ठेवावे : ‘पाहुणे असतील तर झोपण्यापूर्वी फक्त एक शब्द सोडवीन.’ गणपती, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, शेती असेल तर पेरणी आणि सुगी, हे दिवस कॅलेंडरवर आधीच दिसत असतात. त्या दिवसांसाठी इतके लहान काम ठरवावे की ते टाळण्यासाठी सबब सापडू नये.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काम लावून घेऊ नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, मध्यक ६६ दिवसांचा होता, आणि मध्ये एखादा दिवस हुकल्याने एकूण प्रक्रियेत विशेष बिघाड होत नव्हता. तेव्हा एकवीस दिवसांत सवय लागते, या सर्वत्र ऐकू येणाऱ्या आश्वासनावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होण्याचे कारण नाही.

आठवड्याचा हिशेब

या पद्धतीतील सर्वात दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वात मोलाचा भाग म्हणजे आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, ध्येयाचे पान आणि आठवडाभरच्या याद्या शेजारी ठेवून बसणे. यासाठी रोजच्या यादीला उजवीकडे दोन रकाने असावेत, एक अंदाजाचा व दुसरा प्रत्यक्ष लागलेल्या वेळेचा. आपले अंदाज चुकतात आणि ते बहुधा एकाच दिशेने चुकतात. रॉजर ब्यूलर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले, आणि स्वतः सांगितलेल्या मुदतीत काम संपवणारे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. म्हणून खताच्या पाच ओळींना खरोखर किती वेळ लागला हे पाहावे, एकूण ओळी मोजाव्यात आणि त्यावरून दिवाळीची तारीख टिकते की नाही ते ठरवावे. टिकत नसेल तर तारीख बदलावी किंवा पहिले पानच ध्येय धरावे. रोजचा वेळ एकदम दुप्पट करण्याचा संकल्प क्वचितच आठवडाभर टिकतो.

तीन वेळा पुढे ढकललेली ओळ चौथ्यांदा तशीच उतरवू नये. ती फार मोठी असेल तर तोडावी, दुसऱ्याच्या मदतीवाचून होणार नसेल तर ‘अमक्यांना फोन करणे’ अशी बदलावी, आणि खरे तर नकोच असेल तर सरळ खोडावी. ‘जमेल तेव्हा’ या शीर्षकाखाली कामे साठवण्याने यादीवरचा विश्वास हळूहळू उडतो.

हिशेबात काम अडले आहे असे दिसले, तर तास वाढवण्याआधी रीत बदलून पाहावी. खताची पहिली ओळ सुटत नाही म्हणून तिच्यावर आठवडा घालवणाऱ्याने सरळ चतुःसीमेकडे जावे. जमिनीच्या खतात पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस आणि उत्तरेस काय आहे याचा उल्लेख येतोच, त्यामुळे तेथे कोणते शब्द असणार हे न वाचताही ठाऊक असते. त्या चार शब्दांतून लिहिणाऱ्या कारकुनाचे प, व, श, द, क्ष, त, र, स कसे आहेत हे कळते, आणि तीच वळणे घेऊन ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘मौजे’ (गाव), ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) असे ठरावीक शब्द शोधत वर यावे. गावाचे आणि घराण्याचे नाव आपल्याला माहीत असतेच; तेही किल्लीसारखे वापरता येते. या टप्प्यावर रोजच्या यादीतील ओळ ‘चार ओळी वाचणे’ अशी न राहता ‘पानभर जेथे जेथे “पूर्वेस” मधील व दिसतो तेथे पेन्सिलीने खूण करणे’ अशी होते आणि काम पुन्हा चालू लागते.

शेवटच्या टप्प्यात ‘शंका’ नावाची एक वेगळी यादी ठेवावी. न लागलेल्या शब्दापुढे पान व ओळ क्रमांक, आपला तर्क आणि त्याचे कारण लिहावे आणि पुढे जावे. मजकुरात तर्काने भर घालू नये, तेवढी जागा मोकळी सोडावी, विशेषतः क्षेत्रफळ, रक्कम आणि नावे यांच्या बाबतीत. अशा शंका एकेक करून विचारत बसण्यापेक्षा दहा-पंधरा जमल्या की जाणकाराकडे एकदम न्याव्यात. राज्य शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात आणि पुण्यात १९१० पासून कार्यरत असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे अभ्यासक भेटतात. वर्गाच्या तारखांची चौकशी हे काम मात्र चौथ्या टप्प्यावर न ठेवता पहिल्याच आठवड्याच्या यादीत, फोन करण्याची वेळ लिहून टाकावे. जाताना मूळ कागद नेऊ नये. मोठी केलेली प्रत, आपले लिप्यंतर आणि शंकांची यादी एवढे पुरते.