डिझेल इंजिनाची हवा काढताना

फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली की बोटीचं इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. डिझेलच्या पाइपात हवा शिरलेली असते. आधी टाकीत डिझेल आहे आणि कॉक उघडा आहे, एवढं बघून घ्या.

फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा, खाली फडकं धरा आणि फीड पंपाची (टाकीतलं डिझेल पुढे ओढणाऱ्या पंपाची) हातपट्टी मारा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. घाई इथेच नडते. एक बुडबुडा राहिला तरी सगळं पुन्हा. पट्टी ढिली लागली, दाब येईना, तर पंप बिघडला असं समजू नका. आतला कॅम (पंप हलवणारा, इंजिनाबरोबर फिरणारा उंचवटा) वर अडकलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा.

मग इंजेक्शन पंपावरचा (इंजेक्टरना जोरात डिझेल देणाऱ्या पंपावरचा) स्क्रू, तसाच. तरीही सुरू झालं नाही तर इंजेक्टरला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाला) येणाऱ्या पाइपांचे नट किंचित सैल करून स्टार्टर मारा, डिझेल उडालं की आवळा. हात मात्र दूर ठेवा, त्या दाबाची धार कातडीत घुसते.

आणखी एक, फार महत्त्वाचं: स्टार्टर बराच वेळ मारायचा असेल तर इंजिन थंड करायला आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा. नाहीतर एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन पेटताक्षणी तो उघडा.

दोन दिवसांनी पुन्हा हवा आली, तर टाकी ते फीड पंप या भागातले सांधे आणि तांब्याचे वॉशर तपासा. तिथे डिझेल गळताना दिसत नाही, हवा आत ओढली जाते.